कमरेमागचा डाग

प्रिय पायल,

"पोटावरचे समजले. पण हा कमरेमागचा कोणी घातला?" यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तुला कुशीवर वळवून हे विचारलं, आणि तिथंच माझं सगळं संपलं. तू अजून श्वास घेत होतीस, तरी संपलं. तुझी याडी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मी तिच्या. तुम्ही मायलेकी सगळं बोलायचात ना? मग आई असून याडीलाही हे कसं ठाऊक नव्हतं गं? तो डाग कोणी घातलाच नव्हता.

तू गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतीस तेव्हा फोनवर पानपानभर लिहायचो आणि तू उत्तराला नुसता अंगठा पाठवायचीस! आज लिहायला बसलो, कारण सकाळी तुझ्या बाचा निरोप आला. याडीला ताप भरलाय. डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय, डोळे लाल झालेत. निरोप माझ्यासाठी नव्हता. माझ्या मायसाठी होता. बाईला बिब्बे घेऊन पाठवा.

माय आत न्हाणीत आहे. तिची अंघोळ होईतो मला हे लिहून संपवायचंय.

शेताच्या कडेचा आपला धुरा आठवतो? नाल्याच्या अलीकडे आमची पऱ्हाटी, पलीकडे तुमचा तांडा, आणि मधे कमरेएवढं गवत. तू बकऱ्यांसाठी भारा कापायला यायचीस आणि मी उगाच कापसाची बोंडं पाहत फिरायचो. माझ्याशी पहिलं वाक्य काय बोललीस!

"काहून रे, पऱ्हाटी पळून चालली का? रोज रोज राखाले येतं तिले."

मी तिथंच गार. दोन दिवस मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा तू आलीच नाहीस.

कॉलेज सोडलं हेही मी तुला त्याच धुऱ्यावर सांगितलं. मला वाटलं होतं तुला भरून येईल. होस्टेलवरचा तो पोट्टा तांड्यातल्या पोरींबद्दल वंगाळ बोलला, मी त्याचा दात पाडला, मला काढलं, आणि माफीनामा द्यायला मी गेलोच नाही. तू विळा गवतात खुपसलास.

"मी होती का तिथं? मले इचारलं का तू मारू का म्हनून?"

"तुझ्यासाठीच मारलं ना."

"माह्यासाठी मारता येते, अन् माह्यासाठी पेपर नाही देता येत? असं कसं रे तुह्यं पिरेम?"

मी खाली बसून तुझा भारा बांधायला घेतला.

पण कॉलेजातलं ऐकायला तुला आवडायचं. दह्याचा एक थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिला तर त्यात काड्यांसारखे जंतू दिसतात, हे सांगितलं तेव्हा तू दोन दिवस दही खाल्लं नाहीस! मग मी तुला माझ्या आज्याची गोष्ट सांगितली होती. त्याच्या बापाच्या काळी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या घालायचे, गाव महिनोन् महिने ओसाड. कुत्री तेवढी मागे राहायची. हे सगळं एका जंतूनं केलं, डोळ्याला न दिसणाऱ्या.

"एवढुशानं? अख्खं गाव बाहेर काढलं?"

"हो."

"म्हंजे तुह्यासारखाच हाय तो. दिसाले काही नाही, अन् कामं सारे नासके."

किती हसलो आपण! त्याच गवतात मांडी घालून, मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगत. आणि तेव्हाच कधीतरी, मॅडम म्हणाल्या तसं, गवतातला एक किडा तुझ्या अंगावर चढला असणार. टाचणीच्या टोकाहूनही बारीक. तो चावतो ते कळत नाही. त्याच्या तोंडातून जंतू आत उतरतो, आणि चावल्या जागी एक काळी खपली धरते, बिडीचा चटका बसल्यासारखी. स्क्रब टायफस. नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आमच्या वर्गात ते पुढं कधी शिकवणार असतील तर मला माहीत नाही, मी तिथवर बसलोच नाही.

मी तुझ्या बाजूलाच बसलो होतो ना गं? एकाच गवतात. मग मला काहून नाही चावला तो?

परकराच्या नाडीखाली ती खपली होती. तुला ती हाताला लागली नसेल असं मी मानत नाही. पण दुखत नाही, खाजत नाही, मग सांगायचं कोणाला? ती दुखली असती तर बरं झालं असतं. एकदा जरी "आई गं" म्हणाली असतीस! एवढी कशी गं तू सोशीक? माझ्यावर तेवढी जीभ चालायची, स्वतःच्या दुखण्यावर का नाही चालली?

पोळा होऊन गेला आणि तुला ताप भरला. पोटात कळा. याडीनं माझ्या मायला बोलावलं. आमच्याकडे ते नवीन नाही. पाचपन्नास घरांत कोणाचं पोट दुखलं, कोणाच्या टाचेत काटा मोडला, की माय जाते. मी लहानपणापासून पाहत आलोय. सुईच्या टोकाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल फुटून चर्र वाजलं की अंगावर टेकवायचा. माझ्या टाचेवरही तिचा डाग आहे. तुझ्या बेंबीभोवती तिनं बिब्बे घातले, आणि घरी येऊन मला म्हणाली, "पोरीनं हूं की चूं नाही केलं रे. लय धीराची हाय." मला अभिमान वाटला! काय सांगू तुला, मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला.

ताप उतरला नाही. घाटंजीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोटावरचे काळे डाग पाहिले आणि याडीवर भडकले. मग कमरेला इंजेक्शन द्यायला तुला वळवलं, तर मागेही एक काळा डाग.

"इथंही? भाजून काढता का तुम्ही माणसाला?"

याडीनं मान खाली घातली. तिला वाटलं, माझ्या मायनं मागेही घातला असेल. मायला कोणी विचारलंच नाही. डॉक्टरांना वाटलं, हाही त्यातलाच. आणि मी दाराशी उभा होतो, शेजारचा म्हणून, मला तर तुझ्या कमरेकडे पाहायचीही चोरी. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. सलाईन लावलं, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. ज्या एका खुणेनं तुझा रोग ओळखता आला असता, ती सगळ्यांनी पाहिली, आणि आमच्याच डागांत ती हरवली.

आज्याच्या बापाच्या काळी औषध नव्हतं, दवाखाना नव्हता. पण मेलेला उंदीर दिसला की त्या लोकांना कळायचं, आता पळायचं. आमच्याकडे गोळी होती, पायल. कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते अशी साधी गोळी. फक्त खूण वाचायची होती.

यवतमाळला नेलं तोवर तुला दम लागला होता. डोळे पिवळे. तू मला ओळखलंस की नाही, हे मी स्वतःला रोज विचारतो. मॅडमनी गोळी नळीतून दिली, पण किडन्या बसल्या होत्या, फुप्फुसात पाणी भरलं होतं. तू गेलीस तेव्हा दुपार होती. वॉर्डात लोकांनी जेवणाचे डबे उघडले होते, आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. मला अजून ती भाजी खाववत नाही.

मी मॅडमवर ओरडलो. मला बाहेर काढतील इतकं ओरडलो. आधी काहून नाही पाहिलं, म्हटलं. त्या माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांचेही डोळे रडवेले झाले होते. म्हणाल्या, "चार दिवस आधी आणायला हवं होतं हिला." आणि मी जिना उतरायला लागलो तेव्हा मागून आल्या. "रागवायचं तेवढं रागवा. पण पुढच्या वेळी कोणाला असा ताप आला, तर बिब्बा घालायच्या आधी आमच्याकडे आणा. डाग दिसो न दिसो, आणा."

ती पुढची वेळ आज आलीये. तुझ्याच घरी.

सकाळी निरोप आल्या आल्या मी मायसमोर उभा राहिलो. ती डब्यातून बिब्बे निवडत होती.

"माय, नको जाऊ."

"काहून?"

"पायलच्या वेळी काय झालं?"

"उशीर झालता तिले. चार दिस आंधी बलावलं असतं तं पोरगी उठून बसली असती."

ऐकतेस ना? मॅडमचेच शब्द! तेच चार दिवस! मी डब्यावर झडप घातली. तिनं डबा छातीशी धरला.

"हात तं लावून पाह्य. तुह्या टाचेतला काटा कोनं काढला रे? तो दवाखान्यातला आलता काय?"

"तुझ्या बिब्ब्यांपायी तिचा रोग दिसला नाही, माय!"

हे मी तिला आजवर कधी बोललो नव्हतो. ती एकदम खाली बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. पण पदरानं डबा पुसत राहिली.

"तिच्या पोटावर हात फिरवला तवा मले काय वाटलं, ठाव हाय? का हे माह्या घरात येईन. तू सांगतलं नाही, तरी मले काय दिसत नाही काय? मी नाही म्हनली नसती, गजू. मी जीव लावून घातले तिले बिब्बे."

सांग पायल, मी काय बोलायचं होतं यावर? तू असतीस तर बोलली असतीस काहीतरी तिखट, आणि आम्ही दोघंही हसलो असतो. मी नुसता भिंतीवर मूठ मारत राहिलो. थोड्या वेळानं ती उठली, पाणी तापवलं, आणि म्हणाली, "याडीचं पोट दुखत असंन. अंग धुतो अन् निंगतो."

तिला नाहीच पटणार. निदान आज नाही. आणि याडीला थांबायला वेळ नाही.

आपलं कळल्यापासून तुझ्या बानं मला सांगून ठेवलंय, तांड्यात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन. मोडू दे. मोटरसायकल चालवायला एक पायही पुरतो मला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाह्य, आला मोठा मारामारी करनारा." नाही गं. आज मी हात उचलणार नाही. त्यानं मारलं तर खाईन, आणि मग म्हणेन, झालं असेल मारून तर याडीला बसवा मागे. याडीची कमर दाखवा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? ते मॅडम पाहतील.

तुला शब्द देतो, पायल. आज याडीच्या अंगावर दवाखान्याआधी बिब्बा टेकणार नाही. आणि ती वाचली तर मायला घेऊन तिच्यासमोर बसवीन, याडीला अंगावरची ती खपली असेल तिथं दाखवायला लावीन, आणि माय जिथं जिथं जाते तिथं मी तिच्याआधी जाऊन 'आधी दवाखाना' म्हणेन. लोक हसतील. तुझ्यासाठी दात पाडणं सोपं होतं. हे अवघड आहे. हेच करायचं.

"काय करून राह्यला रे एवढं?" माय आतून विचारतेय.

"चिठ्ठी लिहितो."

"कोनाले?"

न्हाणीतलं पाणी थांबलंय. शेजारच्या काकूला सांगून ठेवलंय, मी याडीला मागे बसवून निघालो की येऊन हिला मोकळं कर. माय रडेल, दार बडवेल, मला कायमची शिव्या देईल. देऊ दे. बिब्ब्यांचा डबा फडताळात तसाच आहे. मी त्याला हात लावला नाही. तो आत राहील, ती आत राहील.

हा कागद घडी करून खिशात घालतो. उठतो. उंबऱ्याबाहेर पडतो, दार ओढून घेतो, आणि बाहेरून कडी लावतो.

तुझा, अजून तसाच तापट,
गजू