फुकटच्या बोटी

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तू उठसूट गच्चीवर जातेस, असं भाऊजींकडून कळलं. (त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं.) इकडे तुझी भाची ठणठणीत आहे. माझं विचारू नकोस.

पोरीला मालवाहू बोटीवर इंजिनियरची नोकरी लागली, हे तुला ठाऊकच आहे. आईवेगळी वाढलेली पोर आता महिनोन्‌महिने पाण्यावर राहणार, तेव्हा बापाला चार गोष्टी माहीत असाव्यात म्हणून मी घरबसल्या अभ्यास सुरू केला. कुठल्याशा संग्रहालयाने जुन्या काळच्या बोटींचे चित्रपट इंटरनेटवर ठेवलेत, सगळे फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मला ते पचले नाहीत. सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू. ती शिडं, ते दोरखंड, ते मिशाळ कप्तान! दुकान जरा लवकर बंद करून (संध्याकाळी चष्म्याला गिऱ्हाईक येतं कुठे?) मी खुर्चीत ठाण मांडायचो आणि पोरगी विचारायची, बाबा, आज कुठल्या बंदरात?

पण हे चित्रपट एकामागून एक आपोआप सुरू होतात आणि मला मधे डुलकी लागते. परवा एक नवी कोरी बोट वाजतगाजत पाण्यात सोडली, माझा डोळा लागला, उघडून बघतो तर बोट बुडतेय. तो दुसरा चित्रपट आणि दुसरीच बोट, हे नंतर कळलं. तोवर मी पोरीच्या कंपनीत फोन लावला होता. कप्तान पितो का, बुडायची वेळ आली तर होड्या सगळ्यांना पुरतात का, वादळात पोरीला डोलकाठीवर चढवणार का, खलाशांचे दात पडू नयेत म्हणून लिंबं देता का, सगळं विचारून घेतलं. तिथल्या बाई फार सभ्यपणे म्हणाल्या, "काका, आमच्या बोटींना शिडं नसतात." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. गोष्ट कंपनीभर झाली. पोरगी माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं, पण त्या दिवशी ती जेवताना एक शब्द बोलली नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, ताई. लोकांना लांबचं दिसावं म्हणून मी दिवसभर काचा बसवतो आणि मला स्वतःला लांबचं दिसतं ते हे असलं.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण असं की, तुझा शब्द ती मोडत नाही. जमिनीवरची एखादी नोकरी बघ, असं तिला सांग. मी सुचवलं हे मात्र बोलू नकोस.

आणखी ता. क. वरचं राहू दे, तिला काहीच सांगू नकोस. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ती शेजारी येऊन बसली, म्हणाली, लावा एखादा. निघालेल्या बोटीवरून काढलेला चित्रपट लागला. धक्क्यावरची माणसं रुमाल हलवतात, हळूहळू पांगतात, एक म्हातारा तेवढा ठिपक्याएवढा होईपर्यंत हात हलवत राहतो. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही धक्क्यावर येणार ना?" मी म्हटलं, दुकान कोण बघणार? तिने माझा हात धरून ठेवला.

दुकान बंद ठेवतोय. सोमवारी सकाळी ती निघेल. गुडघ्याला समजाव आणि आदल्या दिवशी ये. लांबचा चष्मा विसरू नकोस. बोट दिसेनाशी कधी झाली ते तूच सांग, त्या वेळी मला नीट दिसेल असं वाटत नाही.