सीतादहीच्या दिवशीचं खरं

माह्या बाळूले,

ताईचा आशीर्वाद. तुले जाऊन तीन महिने झाले, आन पत्र आज लिहून राह्यली. काहून? काल तुहा विद्यार्थी प्रकाश घरी आलता, तुही जुनी फिल्म घेऊन. आपल्या वावरातली! रविवारी यवतमाळच्या कॉलेजात दाखवणार आहेत, आन मले पहिल्या खुर्चीत बसवणार आहेत. मी! चौथी नापास!

नात विचारते, "आजी, लुगडं कोणतं नेसशीन?" हिरवं काढलं, घडी मोडली, आन हातापायाले घाम सुटला. कायले सुटला, ते तुले सांगतल्याबिगर मले रविवारी जाता येत नाही.

तू पोट्टा होता तवापासून चौकश्याच लय. घाटंजीच्या बाजारात मी भाजी घेवो, अन् तू म्हाताऱ्याले विचारत बसे, "बाबा, तुमच्या आज्याच्या टायमाले कापूस कशात भरत?" भाजीवाली म्हणे, "याले वकील करा." तू वकील नाही झाला. इतिहासाची पुस्तकं लिहिली, मंग टीव्हीत प्रोड्युसर, अन् शेवटी कॉलेजात मास्तर. मी साऱ्या आळीले सांगो, टीव्हीत जे दिसते ते माहा भाऊ करते. बातम्याही तूच करतो म्हणून सांगतलं, माफ कर.

ते साल आठवते? कापसाले भाव नव्हता, अन् दर आठ दिवसाले कॅमेरेवाले गावात. कर्जापायी धनी गेलेल्या बायांच्या दारात उभे राहत. "रडा" एवढंच तोंडानं म्हणायचं बाकी. तुह्या साहेबालेही तेच पाह्यजे होतं. तूनं त्याले सांगतलं, मी कापसाचा इतिहास दाखवतो, सीतादहीपासून सुरू करतो. पहिल्या वेचणीआधी कापसाच्या पऱ्हाटीखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, मंगच बोंडाले हात लावायचा. हे आजवर कोणी टीव्हीवर दाखवलं नाही म्हणे.

आन तूच उशिरा आला! वाटेत कोण्या म्हाताऱ्याशी बोलत बसला असशीन. वेचणी अर्धी झालती.

तुहा कॅमेरावाला म्हणे, "आजी, परत एकदा करा ना. पाच मिनिटांचं काम."

वेचणीले आलेली शेजारची द्वारका तर पदर सावरून तयार! "करा ना वं बाई, आमी बी दिसू टीव्हीत."

मी म्हटलं, "नाही."

"ताई, फकस्त निवद ठेव. बाकी मी पाहून घेतो," तू हळूच म्हणाला.

"एका पिकाले एकच सीतादही. झालं ते झालं."

तू माह्याकडं पाहून राह्यला, मी तुह्याकडं नाही पाह्यलं. तुह्या कपाळावरची शीर उडत होती. "तुह्या एका नाहीनं माहं काम जाईन, ताई," एवढंच बोलला. तरी मी हलली नाही. जेवलाही नाही तू त्या दिवशी.

मंग तूनं बायांलेच विचारलं, सकाळी काय झालं ते सांगा. अन् काय भांडल्या! एक म्हणे पाच खडे, एक म्हणे सात. तेवढंच कॅमेऱ्यात घेऊन गेला. साहेबानं फिल्म ठेवून देली, तुले दोन वर्षं नुसतं हवामान वाचणाऱ्याच्या मांगं बसवलं. हे मले तुह्या बायकोनं सांगतलं. तू एका शब्दानं बोलला नाही. काहून नाही बोलला रे? भांडला असता तं बरं झालं असतं!

काल प्रकाशनं घरीच फिल्म लावली. तुहा आवाज आला अन् मी ताडकन उभी राह्यली. तू म्हणतो, "मी उशिरा पोचलो. पूजा झाली होती. माझ्या बहिणीनं ती कॅमेऱ्यासाठी पुन्हा करायला नकार दिला. घडून गेलेलं पुन्हा घडवता येत नाही, हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नाही. तिनं शिकवलं."

प्रकाशनं डोळे पुसले. नात मले बिलगली. इतका आनंद झाला, बाळू, की काय सांगू! आन त्याच घडीले मी नातीले बाजूले सारलं.

कारण ते खरं नाही.

दही नव्हतं रे. तू येणार म्हणून आदल्या दिवशी मी अनारसे केले, शेव काढली, तुह्या आवडीचं भरीत केलं, अन् दूध विरजायचंच राहून गेलं. सकाळी द्वारकेच्या घरून ताक आणलं, भातावर ओतलं, पदराआड निवद दाखवला. कोणाले दिसलं नाही. तुहा कॅमेरा जवळ आला असता तं साऱ्या जिल्ह्याले दिसलं असतं, पाटलीणबाईनं ताकावर भागवलं! म्हणून नाही म्हटलं. नेमबिम काही नव्हता. लाज होती.

आन त्या लाजेपायी तुही दोन वर्षं गेली. तू जाईपर्यंत सांगतलं नाही, अन् तू मले गुरू करून ठेवली!

कालपासून इचार करून राह्यली. न सांगावं तं कोणाले कळते? द्वारका गेली, तू गेला. पण कॉलेजातले पोरं-पोरी वह्या घेऊन बसतीन, अन् माहं खोटं उतरून घेतीन, तुह्या नावाखाली.

तं ऐक. रविवारी फिल्म संपली, टाळ्या झाल्या, की मी उभी राहीन. माईक हातात घेईन. आन म्हणीन, "लिहून घ्या पोरहो, दही नव्हतं, ताक होतं." हसतीन तं हसू दे. तुह्या इतिहासात माह्याकडून चूक राहणार नाही, हा शब्द देला.

तुही,
ताई