ग्यारसीची भाकर

बुऱ्हाणपूर, माघ वद्य एकादशी, शके १८५४

खाल्ली. हो, ग्यारसीचा उपास असताना भाकर खाल्ली, आणि इथे शाईनं लिहून ठेवते.

लोधीपुऱ्याच्या शाळेत बालवर्गातला वाट्यांचा खेळ माझाच. डोळे मिटायचे, वाटीतलं हातावर येईल ते चाचपायचं, हुंगायचं, चाखायचं आणि मग नाव सांगायचं. चिंच, केळं, गूळ, ज्वारीची भाकर. नियमही माझाच: डोळे मिटले की नाही म्हणायचं नाही. आज चिमुरडी यमू माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, आता तुमचा डाव." मी डोळे मिटले. तिच्या मुठीत ओलसर झालेला तुकडा ओठांशी आला. वासानंच कळलं होतं. पण नियम मोडला असता तर उद्या लेकरांना कोणत्या तोंडानं शिकवलं असतं?

पुतणी माझ्याच वर्गात आहे. घरी येताच टाळ्या पिटत म्हणाली, "काकूनं डोळे मिटून भाकर खाल्ली, अन् बरोब्बर ओळखली!" जाऊबाईंनी हातातलं पातेलं आपटलं. "विधवा बाईनं ग्यारस मोडली? उद्या भटजींना विचारून प्रायश्चित्त घे."

घेणार नाही. हे गेल्यापासून या घरात पानात पडेल ते गिळलं. चव कुणी विचारली? यमूनं विचारली. "कशी लागते, बाई?" तिच्या घामानं खारट, आणि चावता चावता गोड. तो ओलसर तुकडा अजून जिभेवर आहे.

जाऊबाईंना एवढंच म्हटलं, "पुढच्या ग्यारसीलाही शाळा आहे."