बेडकासाठी चुकलेली वजाबाकी

तीर्थस्वरूप ताईस, साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून तूर्त कागदावरच).

तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? मी ठणठणीत आहे. वर्गाची तब्येत मात्र खालावली आहे, असं टॅब्लेटचं म्हणणं.

गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी आमच्याकडे बारा टॅब्लेट आले, हे तुला ठाऊकच असेल. (प्लग एकच, आणि त्यावर मुख्याध्यापकबाईंची किटली. ते असो.) उत्तर बरोबर आलं की टॅब्लेटवर एक चांदणी उगवते. चुकलं की बेडूक दगडावरून घसरून डबक्यात पडतो आणि डोक्यावर कमळाचं पान घेऊन वर येतो. ज्याने हा बेडूक काढला, त्याने सात वर्षांचं मूल कधी पाहिलेलं नसावं. पहिल्या दिवशी दोन बेडूक पडले. आठवड्याभरात वर्गात नुसती धपाधप! मी फळ्यावर जीव तोडून हातचा शिकवतोय आणि यंत्र रोज कळवतंय की मुलं ढ होत चालली आहेत. यादीत खालून दुसरी आमची पेन्सिलखाऊ (अगदी तळाला कोण, ते नंतर सांगतो). मागच्या सत्रात बोटं संपली की ही रडायची. आता ऐंशी गणितांत ऐंशी बेडूक. तिला खालच्या वर्गात बसवावं, असा शेरा यंत्राने तयारच ठेवला आहे. काल तिची आई शिवणाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि विचारलं, सर, माझी पोर खरंच इतकी ढ आहे का हो?

म्हणून आज तिच्या शेजारी बसलो. बावन्न वजा सत्तावीस, खाली चार उत्तरं. तिने हातचा घेतला, बोट पंचवीसवर नेलं आणि पटकन शेजारच्या पस्तीसवर आपटलं. धप्प! पंचवीस का नाही दाबलंस, विचारलं, तर माझी कीव करत म्हणाली, "सर, ते बरोबर आहे ना. मग तो पडतच नाही." नुसतं अंदाजाने दाबलं असतं, तरी वीसेक चांदण्या उगवल्या असत्या! मला हसू आवरेना, आणि डोळेही.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तू कान पिळून गणितात पास केलेला,
तुझा धाकटा

ता. क. सोमवारी तपासणीला येणाऱ्या अधिकारीबाई तूच आहेस, हे मला कळलंय. ओळख दाखवू नकोस. फक्त शेरा मारण्याआधी पेन्सिलखाऊला एक वजाबाकी तोंडी घाल.

आणखी ता. क. यादीच्या तळाशी जे 'सर' आहेत, तो मी. सलग एकशे चाळीस बेडूक. खालच्या वर्गात बसवायचंच ठरलं, तर आम्हा दोघांना एका बाकावर बसव.