आधी की नंतर

नाहूर,
रविवार

ती. नलिनीताईस,
लवूचा साष्टांग नमस्कार (प्रत्यक्षात पोट आडवं येतं, कागदावर जमतं). भाऊरावांचा गुडघा कसा आहे? यंदाची आमसुलं सुकली का? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ताई, माझी पार वाट लागली आहे.

चव्वेचाळीस कंबरेची पॅन्ट शोधायला एकदा फोन उघडला, तेव्हापासून तो माझ्या पोटाच्या मागे लागला. जाहिरातीत औषधाचं नाव कुठेच नाही (छापायला बंदी असावी), नुसतं पेनासारखं इंजेक्शन आणि खाली ‘लठ्ठपणा हा आजार आहे, यात तुमचा दोष नाही’. खरं सांगतो, मला भरून आलं. माझा दोष नाही असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, तूसुद्धा नाही. लगेच मुलुंडच्या मोफत शिबिराला नाव नोंदवलं.

तिथे ही गर्दी. टेबलावरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, आधी की नंतर? मी मुंबईत वाढलेला, रेशनपासून आधार कार्डापर्यंत सगळ्या रांगा पाहिलेला माणूस. साहजिकच म्हणालो, आधी. माझ्यामागे गोराईचा झेवियर, अगदी काडी. तो बिचारा आईला घेऊन आला होता. म्हाताऱ्या माणसांचं होऊ दे म्हणून तो म्हणाला, नंतर. दोघांचे फोटो निघाले, बारीक इंग्रजीतल्या कागदावर सह्या झाल्या. डॉक्टर भला होता. रक्त तपासून या, मग औषधाचं बघू, म्हणाला. म्हणजे सुईसुद्धा टोचली नाही.

पंधरा दिवसांनी मुलुंडच्या नाक्यावर होर्डिंग लागलं. डावीकडे मी, खाली ‘आधी’. उजवीकडे झेवियर, खाली ‘नंतर’. वर तेच ‘लठ्ठपणा हा आजार आहे’. औषधाने पोट गेलं, शिवाय नाक सरळ झालं आणि टकलावर केस आले, हे लोक मान वर करून कौतुकाने बघतात. सोसायटीत मला आता ‘आधी’ म्हणूनच हाक मारतात (वॉचमनसुद्धा). क्लिनिकमध्ये भांडायला गेलो तर माझीच सही माझ्यापुढे धरली.

तेही सोसलं असतं. पण तू जमवून दिलेल्या दिशाचं घर त्याच नाक्यावर. साखरपुडा पुढच्या महिन्यात, आणि तिच्या आईने त्या होर्डिंगवरचा ‘आजार’ तेवढा वाचला. मुलाला आजार आहे हे आधी का नाही सांगितलं, म्हणून फोन. दिशा स्वतः भेटायला आली. होर्डिंगखाली उभी राहून म्हणाली, “मी ज्याला हो म्हटलं, तो तुलाच नको होता, तर तसं सांगायचंस ना.”

नंतर बोलू, म्हणाली आणि निघून गेली. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. जेवण जात नाही, ताई. औषध न घेता चार किलो उतरलो.

हे भाऊरावांना वाचून दाखवू नकोस, ते हसतील.

तुझा,
लवू

ता. क. आमसुलं पाठवू नकोस असं लिहिणार होतो. पाठव.

ता. क. दुसरा : दिशा तुझा फोन उचलते. समजावत बसू नकोस. मी आधीचाच आहे, एवढंच सांग.

ता. क. तिसरा : ती ‘नंतर सांगते’ म्हणाली, तर मला कळवू नकोस.