गाळलेल्या चार ओळी

सर, काल माझ्या मुलीने फोनवर तुमचा एक जुना सिनेमा शोधून काढला. तिशीतले तुम्ही, सैनिकाच्या वेषात, बर्फात पडलेले. "हे तुझे ड्रामा टीचर?" तिने इंग्रजीत विचारलं. मी हो म्हटलं आणि उठून गॅलरीत गेले. आता आमच्या घरातून कुवेतमधल्या फहाहीलचा समुद्र दिसतो. जुन्या घरातून दिसत नव्हता.

त्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात बसलेले तुम्ही आठवता. आईचं थालीपीठ हाताने तोडत तुम्ही आयुष्य सांगत असायचात. बेलग्रेडच्या रंगभूमीवर पहिली तीन वर्षं नुसता ट्रे घेऊन आत येणारा नोकर. मग मोठ्या भूमिका. "सात सिनेमांत मेलो," तुम्ही म्हणायचात, "आठव्यात जगलो, तर तो कुणी पाहिलाच नाही." टीव्हीवर पोस्टमन झालात तेव्हा बाजारात बायका अडवून आपली पत्रं मागायच्या. पुढे कामं आटली, तुमच्या डॉक्टर बायकोला कुवेतमध्ये नोकरी लागली, आणि तुम्ही आमच्या शाळेत नाटक शिकवायला आलात. इथे तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं. शाळेच्या नाटकात मी भरपूर रडले, टाळ्या घेतल्या, आणि विंगेत तुम्ही म्हणालात, "सगळं तूच रडून घेतलंस. मग लोकांनी काय करायचं?" आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही.

मी बारावीत असताना तुमच्या जुन्या नाट्यगृहातून बोलावणं आलं. म्हाताऱ्या बापाची मोठी भूमिका होती. पाठांतरासाठी तुम्ही रोज दुपारी आमच्याकडे यायला लागलात. संहिता माझ्या हातात. तुमची भाषा मला येत नव्हती, पण अक्षरं इंग्रजीसारखी, त्यामुळे ओळीवर बोट ठेवून मागोमाग जाता यायचं. "बायकोला सांगू नकोस," तुम्ही म्हणालात, "हल्ली शब्द निसटतात." निघायच्या आदल्या दिवशी, बाप मुलीला बोलतो त्या शेवटच्या प्रसंगात, तुम्ही चार ओळी गाळल्यात. तुम्हाला कळलंही नाही.

"बरोबर?"

"एकदम बरोबर, सर."

आईने वाटेसाठी लाडवांचा डबा दिला.

पहिल्याच प्रयोगात तुम्ही नेमके तिथे थांबलात. परत आल्यावर आमच्याच टेबलाशी बसून सांगितलंत. भरलेलं नाट्यगृह, आणि तोंडात एक शब्द नाही. मुलीचं काम करणारी नटी जवळ आली, तिने तुमचा हात धरला आणि तुमच्या ओळी स्वतःच्या असल्यासारख्या म्हटल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, माझ्या जागी दुसरा नट घ्या.

"खा हो सर, किती वाळलात," आई म्हणत होती. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"आपल्या सरावात असं कधी झालं होतं?"

"नाही, सर."

तुमचा चेहरा सैल झाला. "म्हणजे तिथेच झालं," तुम्ही म्हणालात आणि ताट पुढे ओढलंत. त्यानंतर तुम्ही रंगमंचावर चढला नाहीत. दोन वर्षांनी वारलात.

हे पत्र मी कुठे टाकणार? वहीतच राहील. तुमचं मन मोडवेना म्हणून खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, सर. शेवटच्या सरावाच्या त्या दुपारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं, खाली तिची गाडी हॉर्न वाजवत होती, आणि तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा मला कंटाळा आला होता.