बसलेला हात

४ ऑगस्ट
लागली बाई एकदाची नोकरी! तीही भाईंदर पूर्वेलाच, घरापासून चालत. मृणालिनीताईंचा मोदकांचा कारखाना, गणपती जवळ आल्यामुळे ऑर्डरींना तोटा नाही. माझं काम उकडीच्या मोदकांना कळ्या पाडायचं. इथे शिकायचं आणि पुढच्या वर्षी घरून स्वतःचं सुरू करायचं, असं मनाशी ठरवलंय. ॲग्रीमेंटवर सही करताना एक ओळ वाचली: 'इथे बसलेला हात नोकरी सोडताना इथेच राहील.' मला हसूच फुटलं. हात काय डब्यात घालून ठेवायचा? ताईही हसल्या. वकिलाची भाषा गं, सगळ्याच करतात सही, म्हणाल्या. केली.

७ ऑगस्ट
सुलू, सुलू, सुलू! डोकं उठलंय माझं. माझ्या जागेवर आधी ही बसायची, मागच्या महिन्यात सोडून गेली. माझी कळी फाटली की शेजारची मिनल उसासा टाकते, सुलूचा हात काय बसला होता म्हणते. तिच्या मोदकाच्या टोकाला म्हणे किंचित डावीकडे मुरड असायची. असेल! मेली न बघताच डोळ्यांत खुपायला लागलीय.

१० ऑगस्ट
काल संध्याकाळी आमच्याच बिल्डिंगमध्ये कुणीतरी मोदक वाटले. टोकाला डावी मुरड! विचारलं तर कळलं, सुलू पेणकरपाड्यात घरून विकतेय. बायका बोटं चाटत होत्या आणि माझा नुसता जळफळाट. जे मला करायचं होतं ते हिनं केलंसुद्धा. सकाळी ताईंना सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत. कागद बघून घेईल, एवढंच म्हणाल्या.

११ ऑगस्ट
आज हात बसला! एकही कळी फाटली नाही. हरखून मिनलला दाखवलं, तर तिचा चेहराच उतरला. टोकाला डावी मुरड होती. मला ती कुणी शिकवलेली नाही.

१३ ऑगस्ट
माझ्या मोदकांचा डबा घेऊन पेणकरपाड्यात गेले. मलाही जमतं म्हटलं, बघू दे तिला. सुलूचा उजवा हात मांडीवर पडलेला. दिसायला धडधाकट, पण चमचाही धरवत नाही. परवापासून, म्हणाली. तेवढ्यात तिची छोटी सान्वी आली. माझा उजवा हात धरून तिनं गालाला लावला आणि त्यालाच 'आई' म्हणाली. मी पळू बघत होते. पोरीनं हात सोडला होता — माझाच सोडत नव्हता.

१४ ऑगस्ट
ताईंना म्हटलं, नोकरी सोडते. म्हणाल्या, खुशाल जा रसिका. परवा नवीन मुलगी येतेय, तिला हात लागेलच —

१५ ऑगस्ट
डाव्या हातानं लिहितेय. उजवा सकाळपासून दाराची कडी चाचपतोय. त्याला पेणकरपाड्यात — मीच चुगली केली, सुलूला सांगते, पाया पडते, मग तरी — अगं आई गं, पेन धरलंन —

सान्वी, रडू नको बाळा. आई येतेय. आधी हिचा गळ—